चासीचा गंज (ऑफ-रोड वाहने)

चासीचा गंज म्हणजे मोटारगाडीचा सर्व भार पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याचे पाणी, ऑक्सिजन आणि क्षार यांमुळे होणारे क्षरण होय. जीप, लँड रोव्हर, टोयोटा टॅकोमा, मारुती जिप्सी यांसारख्या जुन्या ऑफ-रोड वाहनांत हा दोष विशेष गंभीर मानला जातो. दरवाजा किंवा बॉनेटचा पत्रा गंजला तर गाडी विद्रूप होते. चासी गंजली तर स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेकच्या नळ्या ज्या ठिकाणी बसवलेल्या असतात ती ठिकाणेच दुबळी होतात. अशी गाडी दिसायला ठीक असते आणि चालतेही. पण खडकाळ वाटेवर एखादा जोराचा हिसका बसला की जोड तुटू शकतो.

रचना

ऑफ-रोड वाहनांची चासी बहुधा शिडीच्या आकाराची असते. गाडीच्या लांबीइतक्या दोन तुळया समांतर असतात व त्यांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असते. बॉडी या शिडीवर रबरी बुशांच्या आधाराने बोल्टने बसवतात. तुळया दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात तुळई एका बाजूने उघडी, पन्हळीसारखी असते. दुसऱ्या प्रकारात ती चारही बाजूंनी बंद, पेटीसारखी असते. पेटीची तुळई पीळ सहन करण्यात अधिक मजबूत असते, परंतु गंजाच्या दृष्टीने तीच अधिक दगा देते. चिखल, वाळू आणि खारे पाणी लहान छिद्रांतून आत शिरते, तळाशी साचते आणि ओलावा धरून ठेवते. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली की तुळईची पन्हळ न राहता हौद होतो. बाहेरचा रंग शाबूत असताना पत्रा आतून पातळ होत जातो. या पत्र्याची मूळ जाडी सामान्यतः २ ते ४ मिलिमीटर एवढीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे आतून सुरू झालेला गंज का घातक ठरतो ते कळते.

१९९७ ते २००६ या मॉडेल-वर्षांतील जीप रँग्लर हे याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या पेटीवजा चासीत मागच्या खालच्या कंट्रोल आर्मच्या जोडाजवळ गाळ साचतो आणि नेमका तोच भाग आधी फुटतो. १९४८ साली बाजारात आलेल्या लँड रोव्हरची गोष्ट वेगळी आहे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई असल्याने तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. चासी मात्र पोलादाचीच राहिली. त्यामुळे अनेक जुन्या लँड रोव्हरांची बॉडी टिकून आहे आणि तिच्याखालची चासी, विशेषतः मागची आडवी तुळई आणि बॉडीला आधार देणारे बाहेर आलेले हात, कुजून गेली आहे. दोन धातू थेट टेकतात व ओले राहतात अशा सांध्यांपाशी ॲल्युमिनियमही झिजते.

गंजण्याची क्रिया

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ओल्या पोलादाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोह विरघळते, काही ठिकाणी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि यांतून लोहाची जलयुक्त ऑक्साइडे तयार होतात. मूळ लोहापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतात तेथे गंज पाचरीसारखा काम करतो, पत्रे फुगवतो व वेल्डिंगचे टाके उकलतो. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडप्रमाणे तो धातूला घट्ट चिकटून संरक्षण देत नाही. पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो.

मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्रिया वेगवान होते. थंड देशांत रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी सोडियम क्लोराइड, तसेच कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. शेवटचे दोन क्षार हवेतील बाष्प शोषून घेतात, म्हणून रस्ता कोरडा दिसत असतानाही चासीवरचा थर ओला राहतो. कोकण आणि गोव्यात असे मीठ कोणी टाकत नाही. तेथे ते समुद्राच्या वाऱ्याबरोबर येते, आणि वाळूत चालवलेल्या गाडीला तर थेट लागते. पावसाळ्याचे चार महिने तुळईच्या आतला चिखल वाळतच नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागात वापरलेली आणि किनाऱ्यावर वापरलेली एकाच वयाची गाडी खालून पाहिल्यास हा फरक दिसतो.

टोयोटा प्रकरण

चासीच्या गंजाबाबतचे सर्वांत मोठे प्रकरण अमेरिकेत घडले. १९९५ ते २००० या काळातील टॅकोमा पिकअपच्या चासींवर गंजरोधक प्रक्रिया पुरेशी झाली नसावी, असे पुढे आल्यावर टोयोटाने २००८ मध्ये त्या गाड्यांसाठी १५ वर्षांचे वाढीव संरक्षण जाहीर केले आणि अतिशय गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतल्या. २००९ मध्ये थंड हवामानाच्या राज्यांतील सुमारे १,१०,००० टुंड्रा गाड्या परत बोलावण्यात आल्या. मागील आडवी तुळई गंजून स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा आणि ब्रेकच्या नळ्यांना इजा होण्याचा धोका होता. चासी पुरवणाऱ्या डेना या कंपनीने २०११ मध्ये टोयोटाला २.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. नंतरच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया गाड्यांच्या मालकांनी केलेल्या दाव्यात २०१६ मध्ये तडजोड झाली. ती सुमारे १५ लाख गाड्यांना लागू होती व तिचे मूल्य ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. या तडजोडीत चासी बदलून देण्याचा निकष रंग किंवा डागांवर बेतलेला नव्हता. पत्र्याला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे भोक पडले आहे का, हे पाहिले जाई.

तपासणी

तांबूस डाग म्हणजे चासी गेली असे नव्हे आणि काळाकुळकुळीत नवा रंग म्हणजे चासी चांगली असेही नव्हे. विक्रीपूर्वी घाईने मारलेला डांबरी लेप हा उलट संशयाचा विषय असतो. किती धातू शिल्लक आहे, हाच खरा प्रश्न आहे.

गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर उभी करून, चिखल धुऊन मगच तपासणी करतात. लहान हातोड्याने तुळईवर ठोकत गेल्यास शाबूत पोलादाचा खणखणीत आवाज येतो; कुजलेल्या भागाचा आवाज बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. संशयित जागी जाड स्क्रूड्रायव्हर दाबून पाहतात. तो आत गेला तर तो भाग दुरुस्तीयोग्य नव्हे, कापून काढण्यायोग्य आहे. तुळईच्या छिद्रांतून लवचिक कॅमेरा सोडल्यास आतली स्थिती दिसते, आणि ध्वनिलहरींवर चालणाऱ्या जाडीमापकाने उरलेली जाडी मोजता येते. पाट्यांचे हँगर, शॉकॲब्जॉर्बरचे जोड, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, बॉडीचे बुश आणि पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू या जागा पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. चासीलगत जाणाऱ्या ब्रेकच्या पोलादी नळ्या अनेकदा चासीच्याही आधी फुटतात. त्या बदलताना तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या घालण्याची पद्धत आहे.

उपाय

गंज केवळ पृष्ठभागावर असेल तर सैल पापुद्रे काढून तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने धातू स्वच्छ करतात. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावल्यास त्याचे तुलनेने स्थिर अशा लोहाच्या फॉस्फेट किंवा टॅनेटमध्ये रूपांतर होते. त्यावर जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर व रंग देतात. ही द्रावणे गंजाचे रासायनिक रूप बदलतात, गेलेला धातू परत आणत नाहीत. जाहिराती वाचताना हे सहज विसरले जाते.

तुळईच्या आतील भागासाठी चोहोबाजूंनी फवारणाऱ्या लांब नळीने मेण किंवा लॅनोलिनयुक्त लेप सोडतात. हे लेप मऊ राहतात, बारीक भेगांत झिरपतात, पण ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागतात. याउलट रबरी किंवा डांबरी जाड लेप वाळून तडकला की त्याच्यामागे पाणी अडकते आणि गंज झाकलेल्या अवस्थेत वाढतो. गॅरेजमध्ये इंजिनाचे जळके तेल चासीला फासण्याची जुनी पद्धत आहे. त्याने काही काळ पाणी दूर राहते, परंतु रबरी बुश खराब होतात आणि गळणारे तेल जमिनीत मुरते.

भोक पडलेल्या चासीला वेल्डिंगवाचून इलाज नाही. फायबरग्लास, पुटीन किंवा वरून चिकटवलेला पत्रा यांनी भोक दिसेनासे होते, ताकद येत नाही. कुजलेला भाग शाबूत धातू लागेपर्यंत कापतात आणि मूळ जाडीचा पत्रा सलग वेल्डिंगने बसवतात. तुळईला काटकोनात सरळ रेषेत केलेला सांधा ताण एका जागी गोळा करतो, म्हणून जोडपट्टीची टोके तिरपी ठेवतात. कापण्यापूर्वी चासीला आधार देऊन कर्णांची मापे घेणे आवश्यक असते. नाहीतर चाके एका रेषेत राहत नाहीत. बॅटरी सोडवणे व इंधनाची टाकी उतरवणे ही किमान खबरदारी आहे. आतले मेण पेट घेऊ शकते आणि जस्ताचा थर तापल्यावर निघणाऱ्या धुराने ज्वर येतो. काम संपल्यावर सांध्याच्या आतल्या बाजूस पुन्हा लेप द्यावा लागतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तेथील जुना लेप जळालेला असतो.

गंज अनेक ठिकाणी पसरला असेल तर पूर्ण चासी बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. लँड रोव्हरसाठी जस्तलेपन केलेल्या नव्या चासी मिळतात. त्या सुमारे ४५० अंश सेल्सियस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या असतात. जस्त आतपर्यंत पोहोचते व ओरखडा पडला तरी स्वतः झिजून पोलाद वाचवते. बुडवण्यापूर्वी बंद तुळयांना पुरेशी छिद्रे असावी लागतात, कारण आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

कायदेशीर बाजू

ब्रिटनमधील वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा भाग अति गंजलेला आढळल्यास गाडी नापास होते. भारतात चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो आणि शिडीवजा चासीच्या गाड्यांत तो बहुधा तुळईवरच कोरलेला असतो. त्यामुळे तो भाग कापणे अथवा संपूर्ण चासी बदलणे हे केवळ गॅरेजचे काम राहत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयाशी आधी संपर्क साधावा लागतो. वापरलेली गाडी घेताना हा क्रमांक गंजाने पुसला गेला आहे का, किंवा त्याच्या भोवती ताज्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हेही पाहिले जाते.