‘बनी तो बनी’ इथं चालत नाही!

परभणीत बोटीचं इंजिन? वाचून हसू आलं ना? साहजिक आहे. आपल्याकडं समुद्र नाही, बंदर नाही. आपल्या जिल्ह्याची ओळख कापूस, सोयाबीन, तूर आणि उन्हाळ्यातले टँकर. पण जरा नकाशा उघडून बघा. दक्षिणेकडून गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असे तालुके धरत पुढं जाते. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर १९६८ मध्ये पूर्ण झालेलं येलदरी धरण आहे. सेलूजवळ निम्न दुधना आहे. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा कंठेश्वरजवळ गोदावरीला. वर पैठणला जायकवाडीचे आणि माजलगावला सिंदफणेवरच्या धरणाचे दरवाजे उघडले, की ते पाणी आपल्याच दारातून जातं. २००६चा पूर घरातल्या मोठ्यांना विचारा. २०२५चा सप्टेंबर तर तुम्ही स्वतःच पाहिला.

अशा वेळी एनडीआरएफचं पथक येतं, पण त्यांचा तळ पुण्याजवळ. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरच्या. शेकडो किलोमीटर अंतर आणि मध्ये पाण्याखाली गेलेले रस्ते. म्हणजे पहिले काही तास जी बोट जवळ असेल तीच आपली. आणि त्या बोटीच्या मागं लावलेलं इंजिन दोरी ओढल्यावर सुरू होतं की नाही, यावर सगळं अडतं. आपल्याकडं ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण कॉलर ताठ करून सांगतो. बोटीच्या इंजिनाला मात्र ती लावून चालत नाही.

वापरून नाही, पडून राहून बिघडतं

बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. सरकारी कागदांत तिला ‘ओबीएम’ म्हणतात. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी कारागिरानं १९०९ मध्ये अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. ते पहिलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं आणि २८ किलोंच्या आसपास वजनाचं होतं. मूळ रचना आजही तीच आहे. वर इंजिन, मधल्या पायातून खाली जाणारा उभा शाफ्ट, तळाशी गिअर आणि त्याला पंखा.

यातली जुनी टू-स्ट्रोक इंजिनं बघितली, तर तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला ती अजिबात परकी वाटणार नाहीत. ज्यानं लुना, राजदूत किंवा आरएक्स-१०० खोलून जोडली आहे, त्याला यातलं निम्म्याहून जास्त आधीच येतं. तोच प्लग, तोच कार्बोरेटर, तोच पिस्टन. फरक एवढाच, की गाडी रोज पळते आणि हे इंजिन वर्षातले अकरा महिने कोपऱ्यात उभं असतं. टाकीत जुनं पेट्रोल, जेटमध्ये साका, रबर कडक झालेलं. मग नेमक्या पुराच्या रात्री दहा जण आळीपाळीनं दोरी ओढतात आणि खांदे दुखवून घेतात.

म्हणून एक क्रम लक्षात ठेवा. दिसेल तो नट खोलायचा नाही. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, पाना नंतर.

पाना उचलण्याआधी

पाच गोष्टी बघा. एक, किल स्विचची लाल दोरी. तिची क्लिप जागेवर नसेल, तर इंजिन जन्मात सुरू होणार नाही. दोन, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? तीन, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला का? तो बंद राहिला, तर इंजिन दोन-चार मिनिटं चालतं आणि पेट्रोल असूनही मान टाकतं. चार, पाइपमधला रबरी फुगा दाबून कडक होतोय का? होत नसेल, तर कुठंतरी हवा ओढली जातेय किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. पाच, थंड इंजिनाला चोक दिला का? आणि सुरू झाल्यावर तो परत आत ढकलला का? बऱ्याच वेळा बिघाड इथंच सापडतो आणि एक रुपयाही लागत नाही.

पेट्रोल, करंट, दाब

इथं काही सापडलं नाही, तर पेट्रोलकडं वळा. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं, की पाणी धरलेला थर खाली बसतो, आणि इंजिन नेमकं तळातूनच पेट्रोल ओढतं. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. खाली वेगळा थर दिसला किंवा उग्र, आंबूस वास आला, तर ते वापरू नका. गटारात ओतूही नका. टाकी आणि पाइप साफ करून ताजं पेट्रोल भरा.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइल मिसळायचं. अनेक इंजिनांना प्रमाण ५०ला १ असतं, म्हणजे लिटरला २० मिली. पण काही जुन्या मॉडेलना जास्त लागतं, म्हणून इंजिनावरची पट्टी किंवा पुस्तिका बघूनच ठरवा. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम. तेच फोर-स्ट्रोक इंजिन असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचंच नाही.

कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करून आतलं पेट्रोल काढा. चिकट, पिवळसर साका आला, तर जेट चोंदलेत असं समजा. कार्बोरेटर खोलून क्लीनर आणि हवेच्या झोतानं साफ करायचा. जेटच्या भोकात तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं, तरी पेट्रोलचं माप कायमचं चुकतं.

आता करंट. प्लग काढा. ओला आणि काळा असेल, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. पुसून, वाळवून घ्या. प्लग टोपीत घालून त्याची धातूची कड इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दोरी ओढा. पेट्रोलचा पाइप आधी दूर करा, सांडलेलं पुसा आणि प्लगच्या भोकापासून लांब राहा, कारण ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांचं जमत नाही. ठिणगी निळी, टणक हवी. पिवळी, मरतुकडी असेल, तर आधी प्लग बदलून बघा, मग टोपी, वायर आणि किल स्विच. फार जुन्या इंजिनात पॉइंट असतात. त्यांवर गंज चढला की करंट गायब. नंतरच्या इंजिनांत सीडीआय असतो.

पेट्रोल ठीक, करंट ठीक, तरी हूं की चूं नाही? मग कॉम्प्रेशन गेज लावा. दोन सिलिंडरचं इंजिन असेल, तर दोन्हींचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. एकात फार कमी असेल, तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचं काम आहे. तिथं माहीतगार मिस्त्रीच हवा, हट्ट करू नका.

पाण्याची धार बघा

इंजिन सुरू झालं म्हणजे काम संपलं, असं नाही. बाइक वाऱ्यानं थंड होते, तर हे इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड होतं. खालच्या पायात रबरी पात्यांचा एक छोटा इंपेलर असतो. विहिरीवरच्या मोटारीमुळं हा शब्द तुम्हाला नवा नाही. फक्त हा रबराचा आहे. तो पाणी वर चढवतो आणि त्यातली बारीक धार इंजिनाच्या मागून बाहेर पडते. धार दिसली की समजायचं, इंजिन श्वास घेतंय. धार नसेल, तर लगेच बंद करा.

म्हणूनच हे इंजिन कोरडं कधीच चालवू नका, अगदी ‘आवाज ऐकण्यापुरतं’सुद्धा नाही. कोरड्यात रबराची पाती काही क्षणांत जळायला लागतात. चाचणीसाठी दोनशे लिटरचा ड्रम पुरतो. इंजिन भक्कम फळीला आवळा, पाणी ओढणारी जाळी पूर्ण बुडू द्या, पंखा काढून ठेवा आणि गिअर न्यूट्रलमध्येच असू द्या. हे सगळं मोकळ्या हवेत करा, बंद खोलीत धूर जीवघेणा ठरतो. आपल्या पुराच्या पाण्यात काळ्या मातीचा गाळ असतो. तो जाळी बुजवतो आणि इंपेलर झिजवतो. शिवाय नुसतं उभं राहूनही रबराची पाती वाकलेल्या आकारातच बसून जातात. म्हणून इंपेलरचा एक संच जवळ असू द्या.

पंख्यातली साडी आणि पांढरं ऑइल

पुराच्या पाण्यात काय काय वाहून येतं, तुम्हाला माहीत आहे. जलपर्णी, उसाची पाचट, साड्या, नायलॉनची जाळी. हे सगळं पंख्याला गुंडाळलं जातं. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून किल स्विचची क्लिप काढायची, हा नियम पाठ करा. पंखा काढून शाफ्टवरचा मासेमारीचा दोराही बघा. तो आत घुसून सील कापतो. मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं आणि ते दुधासारखं पांढरं दिसायला लागतं. तसं दिसलं, तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, सीलही बदलायला हवं.

इंजिन जोरात फिरतंय, पण बोट जागेवरच? अनेक लहान इंजिनांत पंख्याला शिअर पिन असते. रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टसारखीच. दगड लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी टणक खिळा ठोकण्याचा जुगाड करू नका. पुढच्या दगडाला मग गिअरच तुटतील. त्यापेक्षा जादाच्या दोन पिना आणि एक पक्कड बोटीतच ठेवा.

इंजिन पाण्यात बुडालं तर? बाहेर काढून ‘वाळू दे, उद्या बघू’ असं म्हणू नका. हवा लागली की आत गंज धरायला सुरुवात होते. ते चालू असताना बुडालं असेल, तर आधी मिस्त्रीला दाखवा, आतला रॉड वाकलेला असू शकतो. बंद असताना बुडालं असेल, तर प्लग काढून दोरीनं हळूहळू फिरवत पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, कार्बोरेटर साफ करा आणि ताज्या पेट्रोलवर त्याच दिवशी सुरू करून बघा.

इंजिन सुरू झालं म्हणजे सगळं झालं नाही

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. चांगलं इंजिनही जादा भरलेली बोट वाचवू शकत नाही. बोटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त नको. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी. आणि प्रशिक्षण नसताना पुराच्या पाण्यात बोट घालणं म्हणजे शौर्य नाही. तुमचं काम किनाऱ्यावरचं असलं, तरी ते कमी मोलाचं नाही.

मग करायचं काय? तुम्ही आयटीआयला असाल, पॉलिटेक्निकला असाल किंवा चुलत्याच्या गॅरेजवर हात काळे करत असाल, तर तुमच्यापैकी चौघं-पाच जण एकत्र या. नदीकाठच्या आपल्या गावाच्या वाट्याला कोणती बोट येते, ती कुठं ठेवलीय, हे ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारा. इंजिनाला परवानगीशिवाय हात लावू नका. पण मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, जबाबदार माणसासमोर ते ड्रममध्ये चालवून बघायचं का, असं तर विचारू शकता. त्यानंतर पावसाळाभर महिन्यातून एकदा १५ मिनिटं. दर वेळी तारीख, कोणी चालवलं आणि पाण्याची धार आली का, एवढं वहीत लिहा. हंगाम संपला की टाकी रिकामी, कार्बोरेटर कोरडा, गिअर ऑइल नवं, आणि इंजिन आडवं न टाकता स्टँडवर उभं.

या सगळ्याला लागतो एक ड्रम, एक प्लग पाना, दोन नवे प्लग आणि महिन्यातली एक सकाळ. यंदाचा मे हातातून गेला असेल, तर येत्या रविवारी सुरुवात करा.