घोरपडीची जीभ

जुन्या कृष्णधवल प्रिंटवरचा काळा ठिपका आणि पांढरा ठिपका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळा ठिपका म्हणजे प्रिंटवरच चिकटलेली धूळ. प्रोजेक्टरचा प्रकाश तिथे अडतो आणि पडद्यावर डाग दिसतो. पांढरा ठिपका त्याच्या आधीचा. लॅबमध्ये निगेटिव्हवरून प्रिंट काढताना निगेटिव्हवर कण होता, त्याने प्रकाश अडवला, खालची फिल्म तेवढ्यापुरती कोरी राहिली. हातात धरलेल्या रिळावर तो कण शोधून सापडणार नाही. उरलाय तो फक्त त्याचा ठसा. काळा ठिपका स्कॅन करण्यापूर्वी पुसता तरी येतो, पांढऱ्याला कापडाचा उपयोग नाही.

हे मला माझ्या भाच्याने शिकवलं. तो हिंजवडीत फेज २ मधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि माणच्या बाजूला एका सोसायटीत राहतो. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे आणि रात्री जुन्या चित्रपटावरचे डाग, असा त्याचा दिनक्रम. भूमकर चौकातली गर्दी ओसरल्याशिवाय मी त्याच्याकडे निघत नाही, त्यामुळे पोहोचते तेव्हा तो जेवून कामाला बसलेला असतो. समोरच्या इमारतींमध्ये अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांचे दिवे लागलेले असतात. या भागात मध्यरात्री जागं असण्याचं कुणालाच नवल नाही.

त्याच्या पडद्यावर आहे 'द जायंट गिला मॉन्स्टर'. १९५९ सालचा, टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास चित्रित झालेला, ७४ मिनिटांचा चित्रपट. गॉर्डन मॅक्लेन्डन हा रेडिओ आणि ड्राइव्ह-इन थिएटरांच्या धंद्यातला माणूस. स्वतःच्या थिएटरांना खाद्य हवं म्हणून त्याने पैसे घातले. दिग्दर्शक रे केलॉग त्याआधी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या स्पेशल इफेक्ट्स विभागाचा प्रमुख होता. मोठ्या स्टुडिओतला जाणकार माणूस आणि हाताशी फारच थोडा पैसा, असा हा योग. गोष्ट साधी आहे. एका गावाच्या आसपास माणसं आणि मोटारी नाहीशा होऊ लागतात, कारण जवळच्या ओढ्यात एक राक्षसी सरडा वाढलेला आहे. मोटारी दुरुस्त करणारा आणि मधूनमधून गाणारा तरुण नायक शेवटी आपल्या गाडीत नायट्रोग्लिसरिन भरतो आणि ती त्या प्राण्यावर सोडतो.

राक्षस म्हणून वापरला तो खरा, जिवंत सरडा. नावात गिला मॉन्स्टर असलं तरी कॅमेऱ्यासमोर होता तो त्याचा मेक्सिकन भाऊबंद, मण्यांसारख्या कातडीचा. त्याला खेळण्यातल्या पुलावर, खेळण्यातल्या आगगाडीजवळ, हातभर उंचीच्या झाडोऱ्यात सोडला आणि जवळून चित्रित केला. माणूस आणि प्राणी संपूर्ण चित्रपटात एकाही चौकटीत एकत्र येत नाहीत. माणूस घाबरून बघतो, मग प्राणी दिसतो, मग पुन्हा माणूस. पैसे नव्हते म्हणून शोधलेली ही युक्ती संकलनाच्या टेबलावर तोललेली आहे आणि मला ती मनापासून आवडते. आमच्या बोलण्यात त्या प्राण्याची घोरपड झाली आहे, शास्त्राला मान्य नसलं तरी.

चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीत गेला आणि तिथेच त्याचे हाल सुरू झाले. कुणीही, कुठल्याही प्रिंटवरून, कशीही नक्कल काढावी आणि विकावी. टीव्हीसाठी काढलेल्या १६ मिमी प्रिंटा, त्यांच्यावरून व्हिडिओ कॅसेट, कॅसेटवरून स्वस्त डीव्हीडी. दर नकलेत थोडं काळं आणखी काळं झालं, पांढरं भाजलं गेलं आणि घोरपडीच्या अंगावरचे मणी दिसेनासे झाले. अमेरिकी टीव्हीवर जुन्या चित्रपटांची टर उडवणाऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमात तोही आला. लोक हसले ते अशाच नकलांना. पुढे २०२३ मध्ये फिल्म मास्टर्स या कंपनीने ३५ मिमीच्या साहित्यावरून ४के स्कॅन करून त्याची ब्लू-रे काढली. सोबत त्याचा मूळचा जोडीदार 'द किलर श्रूज', ज्यात कुत्र्यांना केस आणि दात लावून राक्षसी चिचुंद्र्या केलेल्या आहेत. १९५९ मध्ये हे दोन्ही चित्रपट जोडीनेच दाखवले जात.

ती डिस्क भाच्याकडे आहे, पण तिच्यावर तो काम करत नाही. परदेशातल्या एका हौशी संग्राहकाने आपली १६ मिमी प्रिंट स्कॅन करून त्याला फाइली दिल्या आहेत. तो त्या साफ करतो आणि अडलं की डिस्क लावून तीच चौकट बघतो. शिकण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण इथे उत्तर पडताळून बघता येतं.

सेकंदाला २४ चौकटी. ७४ मिनिटांचे हिशेबाने १,०६,५६० फ्रेम्स होतात. एका फ्रेमची फाइल साधारण १२ एमबीची, म्हणजे सगळा चित्रपट मिळून सव्वा टीबीच्या वर. माऊसने डागाभोवती चौकट ओढली की सॉफ्टवेअर आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममधला तोच तुकडा उचलून तिथे बसवतं. धूळ एका फ्रेमवर असते आणि शेजारच्या फ्रेमवर नसते, या एका गोष्टीवर ही सगळी विद्या उभी आहे. उभ्या ओरखड्यांपुढे ती हतबल होते. प्रोजेक्टरच्या वाटेत कुठेतरी वाळूचा कण अडकला आणि फिल्म त्याच्यावरून घासत गेली की ओरखडा शेकडो फ्रेम्सवर त्याच जागी उतरतो. मग शेजारी मदतीला येत नाहीत. ओरखड्याच्या डाव्या-उजव्या कडेवरून मधला भाग जुळवत न्यावा लागतो आणि तो चेहऱ्यावरून जात असेल तर नाकाची रेघ हाताने सावरावी लागते. मोठ्या प्रयोगशाळांत हे आधीच टाळतात. फिल्म अशा द्रवातून नेत स्कॅन करतात ज्यातून प्रकाश फिल्मच्या पट्टीइतकाच वळतो. द्रव खाचेत भरतो आणि पट्टीच्या पाठीवरचे ओरखडे स्कॅनमध्ये उतरतच नाहीत. पण भाच्याला मिळालेलं स्कॅन कोरडं होतं.

एवढ्या फ्रेम्स हाताने का, यंत्राला का सांगत नाहीस, असं मी विचारलं. त्याने बोलून उत्तर न देता एक तुकडा लावला. घोरपड दगडाआडून तोंड काढते, थांबते, पुन्हा आत जाते. "काय कमी आहे, मावशी?" मला कळेना. मग त्याने तोच तुकडा साफ न केलेला लावला. धूळ होती, केस होते आणि घोरपड जीभ बाहेर काढत होती.

स्वयंचलित सफाईने जीभ पुसली होती. एका फ्रेममध्ये आहे, मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी नाही, म्हणून धूळ. यंत्राच्या दृष्टीने झपकन आत-बाहेर होणारी जीभ आणि कचरा यांत फरक नव्हता. ठिणग्या, पावसाचे थेंब, पाण्यावरची लकाकी, डोळ्यांतली चमक अशीच जाते. शेवटच्या स्फोटात तर तो यंत्राला हातच लावू देत नाही, तिथली प्रत्येक ठिणगी तो स्वतः राखतो. त्या बिचाऱ्या प्राण्याने संपूर्ण चित्रपटात जो काही अभिनय केला आहे तो जिभेने. तीच गेली तर खेळण्यातल्या पुलावर बसलेला एक सुस्त सरडा उरतो. दाणा काढण्याच्या बाबतीतही हीच गत. फिल्मचा स्वतःचा रवाळ पोत असतो. तो गुळगुळीत करत नेला की माणसं मेणाची दिसू लागतात. स्वच्छ चित्र म्हणून अशा डिस्का खपवल्या गेल्या आहेत आणि त्या विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांशी केलेली प्रतारणा आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काय पुसायचं आणि काय ठेवायचं, याबद्दल भाच्याचा नियम असा: चित्रीकरणाच्या दिवशी जे होतं ते चित्रपटाचं, नंतर आलेलं काळाचं. म्हणून खेळण्यातल्या आगगाडीचे डबे ज्या तऱ्हेने कोसळतात त्याला हात लावायचा नाही. झाडाचं पान घोरपडीच्या डोक्याएवढं दिसतं, तेही राहू द्यायचं. एका प्रसंगात चौकटीच्या वरच्या कडेला एक केस थरथरतो. तो शॉट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिथेच आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या गेटमध्येच अडकलेला. दुसरा टेक घ्यायला वेळ किंवा फिल्म नसेल. पुसायचा का? भाचा म्हणतो, नाही, तो त्या दिवसाचा साक्षीदार आहे. मी म्हणते, छायाचित्रकाराला तो दिसला असता तर त्याने आधी तोच काढला असता. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि केस अजून तिथे आहे.

नियम सरळ वाटला तरी अवघड आहे, हे १९५३ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वरून कळतं. त्यातली मंगळवासीयांची याने तारांवर टांगलेली होती. त्या काळच्या टेक्निकलर प्रिंटांच्या छपाईत तारा दबून जात. पुढे नव्या, लख्ख नकला निघाल्या आणि तारा ठळक दिसू लागल्या. २०१८ च्या पुनरुज्जीवनात त्या पुसण्यात आल्या. तारा चित्रीकरणाच्या दिवशी होत्या हे खरं, पण प्रेक्षकाला दिसाव्यात म्हणून नव्हत्या आणि दिसतही नव्हत्या. मला हा निर्णय योग्य वाटतो. निगेटिव्हमध्ये काय आहे याइतकंच थिएटरातल्या माणसाने काय पाहिलं हेही मोलाचं आहे. आपल्याकडे 'झपाटलेला'तला रामदास पाध्यांचा तात्या विंचू १९९३ मध्ये ज्यांनी थिएटरच्या अंधारात पाहिला, त्यांना तो बाहुला कसा हलवला हे दिसलं नव्हतं, भीती दिसली होती. उद्या त्याची ४के प्रत निघाली तर कुणाला तरी याच प्रश्नाशी बसावं लागेल.

आम्ही डिस्क पूर्ण पाहिली. लख्ख चित्रात मोठेपणाचा आभास थोडा उणावतो. घोरपडीच्या पायाखालची वाळू रव्यारव्याने दिसते आणि त्यावरून प्राणी केवढा ते कळतं. पण बदल्यात काय मिळतं ते बघा. कातडीवरचा एकेक मणी, श्वासागणिक हलणारी बरगडी, खेळण्याच्या मोटारीवर कुणीतरी निगुतीने चढवलेली धूळ. कमी पैशातही या लोकांनी काम टाकलं नव्हतं, हे वाईट नकलांनी साठ वर्षं लपवून ठेवलं होतं.

भाच्याला हे सगळं शिकायचं आहे ते 'गोगोला'साठी. १९६६ चा हिंदी चित्रपट, दिग्दर्शक बलवंत दवे, कलाकारांत तबस्सुम. जपानच्या 'गॉडझिला'नंतर बारा वर्षांनी आपल्या समुद्रातून एक राक्षस उठला आणि मुंबईवर चालून आला. त्याची गाणी आजही ऐकायला मिळतात. चित्रपट हरवलेला आहे. दारासिंगचा 'चाँद पर चढाई' १९६७ चा, तो कशाबशा नकलांतून तरी बघता येतो. 'गोगोला'ची तेवढीही सोय नाही. अशा चित्रपटांच्या प्रिंटा छोट्या गावांतून फिरत, झिजेपर्यंत चालत आणि मग भंगारात जात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढणारे त्या विकत घेत. जपून ठेवावा असा हा माल आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

पुण्यातच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. ते उभं करणारे पी. के. नायर यांचं म्हणणं असे की चांगला-वाईट निवाडा संग्रहालयाने करू नये, मिळेल ते जपावं. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. ही मोठी गोष्ट आहे. पण पुनरुज्जीवनाला आधी रीळ लागतं. १९१९ चा 'बिल्वमंगल' फ्रान्सच्या सिनेमातेककडे निघाला आणि २०१६ मध्ये त्याचा उरलेला भाग पुण्यात आला, म्हणजे चमत्कार घडतात. 'गोगोला' कुठल्या परदेशी गोदामात असेल किंवा विदर्भ-खानदेशातल्या एखाद्या बंद टुरिंग टॉकीजच्या मालकाच्या माळ्यावर.

तुमच्याकडे असे गोल पत्र्याचे डबे असतील तर ते उन्हात उघडू नका आणि विस्तवापासून दूर ठेवा. १९५० च्या आसपासपर्यंतची नायट्रेट फिल्म पेट घेते आणि मग विझत नाही. झाकण काढल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चालवून बघू नका, आकसलेल्या फिल्मची भोकं फाटतात. सुरुवातीचे काही फूट हलकेच उलगडून खिडकीसमोर धरा, नाव तिथेच असतं. डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, आतलं रीळ पुष्कळदा दुसरंच निघतं. आणि संग्रहालयाला कळवा.