अंदमानला जाताय? मग दिगलीपूर गाठाच

वैरागहून सोलापूरला जाताना नान्नज लागतं. तिथल्या माळढोक अभयारण्यामुळे आम्हा नवरा-बायकोला पक्षी-प्राण्यांचा नाद लागला आणि त्याच नादाने आम्ही अंदमान गाठलं.

बहुतेक जोडपी हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, पाहून परततात. किनारा सुंदरच आहे, पण खरी मौज उत्तरेला. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून दिगलीपूर रस्त्याने सुमारे ३०० किमी. जवळच्या कालीपूर किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक अशा चार जाती, एकाच किनाऱ्यावर! लेदरबॅक तर जगातलं सगळ्यात मोठं कासव. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवून लांबच बसायचं. उजेडाने बिचकून मादी अंडी न घालताच मागे फिरू शकते. अंगात दम असेल तर शेजारचं ७३२ मीटर उंचीचं सॅडल पीक चढा.

खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. वाटेत जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबायला आणि फोटो काढायला सक्त मनाई आहे. आणि येताना प्रवाळाचा एक तुकडाही पिशवीत घालू नका.