मानद वाणिज्यदूत आणि त्याचा देश

परराष्ट्रांशी असलेले संबंध सांभाळण्यासाठी राष्ट्रे दोन प्रकारचे प्रतिनिधी नेमीत असतात. राजदूत हा एका शासनाने दुसऱ्या शासनाकडे पाठविलेला प्रतिनिधी होय. तो राजधानीत राहतो आणि राजकीय वाटाघाटी करतो. वाणिज्यदूताचे काम त्याहून साधे, परंतु सामान्य माणसाच्या अधिक जवळचे असते. परक्या बंदरात अडकून पडलेला खलाशी, पारपत्र हरवलेला प्रवासी, परदेशात मरण पावलेल्या इसमाची मालमत्ता, जन्माच्या व विवाहाच्या नोंदी, व्यापारी मालाचे दाखले हे सर्व विषय त्याच्या कक्षेत येतात. या वाणिज्यदूतांतही पुन्हा दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग पगारी सेवकांचा. ते आपल्या देशाच्या परराष्ट्रसेवेतून येतात आणि काही वर्षांनी बदलून जातात. दुसरा वर्ग मानद वाणिज्यदूतांचा. मानद वाणिज्यदूत हा बहुधा त्याच शहरात स्थायिक झालेला व्यापारी, उद्योगपती किंवा वकील असतो. त्याला या कामाचे नियमित वेतन मिळत नाही, आणि ज्या देशाचे निशाण त्याच्या दारावर फडकते त्या देशाचा तो नागरिक असेलच असे नाही. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांना परदेशी व्यापाराची जुनी परंपरा आहे, आणि तेथेही अनेक देशांचे काम याच पद्धतीने चालत आले आहे.

ही प्रथा आधुनिक राजनीतीहून पुष्कळ जुनी आहे. प्राचीन ग्रीक नगरराज्यांत ‘प्रॉक्सेनॉस’ नावाचा गृहस्थ असे. तो स्वतःच्या नगरीचा नागरिक राहूनच दुसऱ्या नगरीच्या लोकांचे आदरातिथ्य करी आणि त्यांचे हितसंबंध जपत असे. थीब्जचा कवी पिंडार हा अथेन्सचा प्रॉक्सेनॉस होता. दोन नगरींत युद्ध पेटले म्हणजे अशा माणसाची अवस्था किती बिकट होत असेल, याची कल्पना वाचकाला सहज करता येईल.

१९६३ साली व्हिएन्ना येथे वाणिज्यदूतीय संबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला व १९६७ पासून तो अंमलात आला. मानद वाणिज्यदूत नेमावेत की नाही, आणि परक्यांचे असे दूत आपल्या भूमीवर स्वीकारावेत की नाही, याचा निर्णय या कराराने प्रत्येक राष्ट्रावर सोपविला आहे. त्याला मिळणारे संरक्षण अगदी तुटपुंजे आहे. अधिकृत कृत्यांबद्दल न्यायालय त्याला जाब विचारू शकत नाही, परंतु त्याच्या व्यक्तिगत वर्तनाला अशी ढाल नाही. त्याचे दप्तर अभंग मानले जाते, मात्र एका अटीवर: ते त्याच्या धंद्याच्या कागदांपासून आणि खाजगी पत्रव्यवहारापासून वेगळे ठेवलेले असले पाहिजे. जकातीची सूट मिळते ती राजचिन्हे, निशाणे, पाट्या, शिक्के, पुस्तके, छापील कागद आणि कचेरीचे सामान यांसारख्या वस्तूंवर. मोटारगाडी व मद्य विनाजकात आणणारा मानद वाणिज्यदूत कादंबऱ्यांतून भेटतो. करारातील यादीत त्या वस्तू आढळत नाहीत. अर्थात या पदाचा दुरुपयोग होतच नाही असे मुळीच नाही. २०२२ साली शोधपत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय संघाने केलेल्या पाहणीत, गुन्ह्यांचे आरोप झालेले किंवा वादात सापडलेले आजी-माजी मानद वाणिज्यदूत किमान पाचशे भरले.

कायद्यातील या कलमांवरून पदाची चौकट कळते. परंतु अशा माणसाच्या सहीला वजन कोठून येते, हे समजण्यासाठी एखादे प्रत्यक्ष उदाहरण पाहणे अधिक उपयोगी ठरेल. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरी घडलेली हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे.

त्या काळी कौनास ही लिथुआनियाची हंगामी राजधानी होती. नेदरलँड्सचा राजदूत डे डेकर हा लॅटव्हियातील रीगा शहरी राहून तीनही बाल्टिक राष्ट्रांचे काम पाही. कौनासमधील डच मानद वाणिज्यदूत जर्मन वंशाचा होता. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले, तेव्हा त्याच्या निष्ठेविषयी शंका उत्पन्न झाली आणि त्याला दूर करण्यात आले. त्याच्या जागी डे डेकरने जूनमध्ये यान झ्वार्टेंडायक या गृहस्थाला नेमले. झ्वार्टेंडायक हा फिलिप्स कंपनीच्या लिथुआनियातील शाखेचा प्रमुख होता. रेडिओ आणि विजेचे दिवे विकणे हा त्याचा व्यवसाय. राजनैतिक कामाचा त्याला कसलाही अनुभव नव्हता. कंपनीची कचेरी हीच त्याची वाणिज्यदूत-कचेरी झाली.

ज्या देशाचा तो प्रतिनिधी झाला होता, त्या देशाची अवस्था यावेळी विलक्षण होती. डच सैन्याने मे महिन्याच्या मध्यातच शस्त्रे खाली ठेवली होती, संपूर्ण भूमी जर्मनांच्या ताब्यात गेली होती, आणि राणी व मंत्रिमंडळ लंडनला निघून गेले होते. युरोपात ज्या देशाच्या ताब्यात वीतभर जमीन उरली नव्हती, त्याचा हा दूत. मात्र समुद्रापलीकडे त्या देशाच्या वसाहती अजून शाबूत होत्या. त्यांत कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेट होते आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनामही होते. (हे सुरिनाम भारतीयांना अगदीच अपरिचित नाही. १८७३ ते १९१६ या काळात भारतातून हजारो करारबद्ध मजूर तेथील मळ्यांवर नेण्यात आले होते.)

१५ जून १९४० रोजी सोव्हिएत फौजा लिथुआनियात शिरल्या. पोलंडमधून पळून आलेले हजारो ज्यू निर्वासित तेथे आधीच आश्रयास होते. पश्चिमेकडील वाट जर्मनांनी बंद केली होती. बाहेर पडण्याची एकच दिशा उरली होती: सैबेरियाची रेल्वे, व्लादिव्होस्तोक आणि जपान. जपानचा पारगमन-परवाना हवा असेल तर पुढे कोणत्या देशात जाणार हे दाखविणे आवश्यक होते, आणि कोणताही देश या लोकांना प्रवेश देण्यास तयार नव्हता.

क्युरासावला जाण्यासाठी प्रवेशपरवाना लागत नसे. उतरू द्यावयाचे की नाही, हे तेथील गव्हर्नर ठरवीत असे, आणि तशी परवानगी क्वचितच मिळे. मूळच्या डच असलेल्या एका निर्वासित स्त्रीने डे डेकरकडे अर्ज केला, तेव्हा त्याने तिच्या पारपत्रावर नियमाचा पहिला भाग तेवढा लिहून दिला: सुरिनाम, क्युरासाव व अमेरिकेतील इतर डच मुलुखांत प्रवेशासाठी परवान्याची आवश्यकता नाही. गव्हर्नरचा उल्लेख त्याने गाळला. झ्वार्टेंडायकने हाच मजकूर प्रथम तिच्या कागदावर उतरवून दिला, आणि मग जो कोणी मागेल त्याला तो देऊ लागला. २४ जुलैपासून त्याच्या कचेरीपुढे रांगा लागल्या. प्रारंभी तो संपूर्ण वाक्य हाताने लिही. पुढे त्याने रबरी शिक्का करवून घेतला. दहाएक दिवसांत दोन हजारांहून अधिक कागदांवर हे वाक्य उमटले. एकेका कागदावर कित्येकदा सबंध कुटुंब प्रवास करी.

हे कागद तांत्रिक दृष्ट्या प्रवेशपरवाने नव्हते. परवान्याची गरज नाही, असे सांगणारे ते निवेदन होते. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता, तरी सत्य मात्र अर्धेच होते. या कागदाचे मोल तो देणाऱ्या देशाच्या सामर्थ्यावर ठरणार नव्हते. पुढचा अधिकारी तो मानतो की नाही यावर ते ठरणार होते. कौनासमधील जपानी उपवाणिज्यदूत चिऊने सुगिहारा याने तो मानला. सुगिहारा हा पगारी सेवक होता, आणि टोकियोहून आलेल्या सूचना त्याच्या विरुद्ध होत्या. तरीही या निवेदनाच्या आधारे त्याने पारगमन-परवाने लिहून दिले. त्याने ठेवलेल्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. सोव्हिएत अधिकाऱ्यांनीही हे कागद पाहून देश सोडण्याची परवानगी दिली. ज्या देशाशी आपले राजनैतिक संबंधच नव्हते, त्या देशाच्या दूताचा शिक्का त्यांनी चालवून घेतला, ही या प्रकरणातील सर्वांत आश्चर्यकारक गोष्ट म्हटली पाहिजे.

झ्वार्टेंडायकला स्वतःला या कामात काहीच लाभ नव्हता. धोका मात्र उघड होता. पत्नी व तीन मुले त्याच्याजवळ होती, कंपनीचा कारभार सोव्हिएत सत्तेच्या हाती जात होता, आणि परतावयाचे ते जर्मनव्याप्त मायदेशी. ३ ऑगस्टला लिथुआनिया सोव्हिएत संघात विलीन करण्यात आला व परदेशी कचेऱ्या बंद करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने आपले दप्तर जाळून टाकले. सप्टेंबरमध्ये तो नेदरलँड्सला परतला आणि पुन्हा फिलिप्समध्ये कामास लागला. या प्रकरणाविषयी तो फारसे कोणाजवळ बोलला नाही.

निर्वासित मात्र व्लादिव्होस्तोकहून जहाजाने त्सुरुगा बंदरात व तेथून कोबे शहरी पोहोचले. काही पुढे अमेरिका, कॅनडा, पॅलेस्टाइन येथे गेले. उरलेल्यांना जपानने १९४१ मध्ये शांघायला धाडले आणि त्यांनी युद्धाचा काळ तेथे काढला. मीर येथील प्रसिद्ध ज्यू धर्मविद्यालयातील विद्यार्थी व शिक्षक याच मार्गाने वाचले. मागे राहिलेल्या लिथुआनियन ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांची युद्धकाळात हत्या झाली.

१९६० नंतरच्या दशकात ही हकीकत वृत्तपत्रांतून बाहेर आली, तेव्हा डच परराष्ट्र मंत्रालयाने झ्वार्टेंडायकला बोलावून, नियमाबाहेर वागल्याबद्दल समज दिली. तो १९७६ साली मरण पावला. सुगिहाराला १९८४ साली इस्राएलमधील याद वाशेम या संस्थेने गौरविले; झ्वार्टेंडायकची पाळी १९९७ मध्ये आली. नेदरलँड्सच्या शासनाने त्याच्या मुलांजवळ दिलगिरी व्यक्त केली ती २०१८ साली. त्याच वर्षी डच राजाच्या हस्ते कौनासमध्ये, त्याच्या जुन्या कचेरीपुढील रस्त्यावर, स्मारकाचे उद्घाटन झाले. झ्वार्टेंडायक दिवे विकणारा होता, आणि हे स्मारकही विजेच्या दिव्यांचेच आहे.