झिजलेला गुडघा आणि समदुःखींची सोबत

गुडघेदुखीवर मराठी घरात जेवढे सल्ले मिळतात तेवढे मुलीच्या लग्नावरही मिळत नसतील. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, भिजवलेल्या मेथ्या, एरंडेलाचे मालीश, चुंबकाचा पट्टा आणि सगळे करून झाल्यावर 'आता बदलूनच टाका'. हे सल्ले देणारे पूर्वी ओट्यावर, एसटीत नाहीतर लग्नाच्या मांडवात भेटत. आता ते मोबाइलवर भेटतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे स्वतःचे गुडघेही दुखत असतात.

माझ्या दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस असल्याचे निदान होऊन सहा वर्षे झाली. त्यांतली चार वर्षे मी अशाच रुग्णांच्या एका व्हॉट्सॲप गटात आहे. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, एसटीचे वाहक आहेत, खानावळ चालवणाऱ्या एक बाई आहेत, भातशेती करणारे एक काका आहेत आणि मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेले एक आजोबाही आहेत. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि औषधे हाताशी असताना एका रुग्णाने दुसऱ्याला नेमके काय द्यायचे असते, आणि काय देऊ नये, हा प्रश्न मला या गटाने घातला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जे पाहिले ते इथे मांडते आहे. प्रसंग संबंधितांच्या संमतीने सांगितले आहेत, नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

'झीज' या शब्दाचा जाच

मराठीत या आजाराचे नावच 'झीज' असे पडून गेले आहे. चप्पल झिजते, सहाणेवर चंदनाचे खोड झिजते, गाडीचा टायर झिजतो. वापरली की झिजते आणि जपली की टिकते, अशी ही वस्तूंची रीत आहे. गुडघा झिजला म्हटले की तो जपायला हवा, म्हणजे चालणे कमी करायला हवे, हे अनुमान आपसूकच येते. त्या एका शब्दाने किती माणसांना खुर्चीत बसवले असेल!

प्रत्यक्षात गुडघ्यातील कूर्चा ही जिवंत ऊती आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते आणि त्यासाठी हालचाल लागते. पाऊल टाकले की तिच्यावर दाब पडतो, उचलले की तो सुटतो, आणि स्पंजाने पाणी सोडावे व शोषावे तशी ती द्रवाची देवघेव करते. कूर्चेत मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही. वेदना येते ती सांध्याच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेतून, कूर्चेखालच्या हाडातून आणि भोवतालच्या स्नायूबंधांतून. म्हणजे हा आजार एका पातळ थराचा नसून सबंध सांध्याचा आहे. मांडीचे स्नायू अशक्त झाले की सांध्याला मिळणारा आधार कमी होतो. दुखते म्हणून माणूस बसतो, बसल्याने स्नायू आणखी अशक्त होतात, आणि मग आणखी दुखते. वजनाचाही हिशेब आहे. अमेरिकेतील स्टीफन मेसियर यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले.

ऑस्ट्रेलियात गुडघा बदलण्याच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या रुग्णांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांच्या मनात 'हाडावर हाड घासते आहे' हे चित्र पक्के बसले होते. व्यायामाने ते आणखी घासेल, आणि शस्त्रक्रियेवाचून दुसरे काही उपयोगाचे नाही, असे त्यांना वाटत होते. भाषा वेगळी असली तरी चित्र आपल्या 'झिजे'चेच आहे.

आपल्याकडे या चित्राला जमिनीवरच्या राहणीची जोड मिळते. बीजिंगमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिथल्या वयस्क स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळले. तरुणपणी रोज तासन् तास उकिडवे बसण्याशी या आजाराचा संबंधही त्या पाहणीत दिसला. चुलीपुढे, धुण्याच्या दगडापाशी आणि भातलावणीत आयुष्य काढलेल्या आपल्या बायकांना हे वाचून नवल वाटणार नाही. दुखणे शरीरात असते, पण खुपते ते पंगतीत, देवघरासमोर आणि शौचालयात. खाली बसता न येणे म्हणजे चारचौघांतून उठणे. 'हळदीकुंकवाला मला एकटीलाच खुर्ची दिली,' असे आमच्या गटातील एकीने लिहिले, तेव्हा तिला काय म्हणायचे आहे ते कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

ग्रेडची उतरंड

एक्स-रेवरून या आजाराच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली. शून्य ते चार अशा त्या श्रेणी आजही वापरात आहेत. गटात नवा माणूस आला की ओळख करून देताना गावाच्या आधी ग्रेड सांगतो. 'मी ग्रेड फोर.' त्या आकड्यात एक निकाल असतो.

पण एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. चित्र वाईट आणि दुखणे बेताचे, किंवा चित्र बरे आणि दुखणे असह्य, असे दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. वाचून हे पटत नाही. आमच्यातल्या ग्रेड फोरच्या एक बाई आठवड्यातून दोनदा पर्वती चढतात आणि वरून फोटो टाकतात. त्या फोटोखाली 'तुमचा एक्स-रे परत दाखवा बघू' असा संदेश हमखास येतो. डॉक्टरने हेच सांगितले असते तर ते धीर देणे ठरले असते. समदुःखीने दाखवले की तो पुरावा होतो.

सोबतीचा उपचार

एका रुग्णाने दुसऱ्याला सावरायचे ही कल्पना नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यासक्तांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे इतरांना हात देऊ लागली. मानसिक आजार आणि पार्किन्सन्सच्या पुण्यातील स्वमदत गटांनी तर त्यासाठी सुंदर शब्द रूढ केले आहेत : रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'.

सांधेदुखीसाठी ही वाट स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस पाडली. त्यांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा होता. शिकवणारे डॉक्टर नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःलाच संधिवात होता. अभ्यासक्रम पुरा केलेल्यांची वेदना कमी झाली. ती व्यायाम वाढल्यामुळे कमी झाली असेल, असे लोरिग यांना आधी वाटले. पण १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात वागण्यातील बदल आणि वेदनेतील फरक यांचा संबंध फारच कच्चा निघाला. ज्यांना 'या दुखण्यावर माझा काही ताबा आहे' असे वाटू लागले होते, त्यांच्यात फरक अधिक होता. त्याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी या जाणिवेला आधीच एक संकल्पना दिली होती. आपण तिला स्वसामर्थ्याची खात्री म्हणू. ही खात्री येण्याचा एक मार्ग म्हणजे आपल्यासारख्याच माणसाला ती गोष्ट करताना पाहणे, असे बँड्युरा सांगतात. १९९३ साली लोरिग आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांनंतरची स्थिती मांडली : वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी, आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी.

पुढच्या काळातले आकडे इतके उमेद देणारे नाहीत, हेही सांगायला हवे. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या रुग्णांसाठी असलेल्या स्वव्यवस्थापन वर्गांचा २९ चाचण्यांवर आधारित कॉक्रेन आढावा २०१४ साली आला. या वर्गांचा फायदा अल्प किंवा नगण्य, असा त्याचा निष्कर्ष आहे. व्यायामाविषयीचे आढावे अधिक अनुकूल आहेत, पण तिथेही मेख आहे. व्यायामाने वेदना कमी होते आणि हालचाल सुधारते, मात्र कार्यक्रम संपल्यावर काही महिन्यांत तो लाभ ओसरू लागतो.

माझ्या मते समदुःखींचे खरे काम इथे आहे. काय करावे हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे : मांडीचे स्नायू बळकट करा, चाला, वजन उतरवा. अडते ते रोज करण्यापाशी, तेही वर्षानुवर्षे. सहा आठवड्यांचा वर्ग संपतो, फिजिओथेरपीची दहा सत्रे संपतात, पण दुखणे संपत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली 'ग्लॅड' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात माहितीची दोन-तीन सत्रे आणि आठवड्याला दोन याप्रमाणे व्यायामाची बारा सत्रे असतात, आणि पूर्वी हा कार्यक्रम केलेला रुग्ण येऊन नव्यांशी बोलतो. त्या माणसाची जागा वेळापत्रकातच राखलेली आहे, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

आमच्या गटात ही जागा सकाळी सातला भरते. व्यायाम केला की 'झाला' एवढाच शब्द टाकायचा. खानावळवाल्या बाईंनी एकदा सलग नऊ दिवस काहीच लिहिले नाही. भातशेतीवाल्या काकांनी फोन केला, तेव्हा कळले की जिना उतरताना गुडघा अडकला होता आणि त्या धास्तीने त्यांनी घराबाहेर पडणे सोडले होते. काकांनी उपचार सांगितला नाही. 'ताई, उद्या तुम्ही खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा वेळा, मी इकडून मोजतो,' एवढेच म्हणाले. फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी तीन आठवडे तसे केले. मधल्या काळात बाईंनी डॉक्टरांनाही दाखवले. आज त्या पुन्हा खानावळ सांभाळतात. दुखणे आहेच, बाई घरात कोंडून मात्र राहिल्या नाहीत.

सोबत कुठे घात करते

हाच विश्वास औषधाच्या बाबतीत घातक ठरतो. 'मला या गोळीने आराम पडला' हे वाक्य खरे असते, म्हणूनच धोक्याचे असते. वेदनाशामक गोळ्या काहींना सोसतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला त्याच गोळ्या रोज घेतल्याने मोठा अपाय होऊ शकतो. जठरातून रक्तस्राव होण्याची भीती वेगळीच. नाव-गाव नसलेल्या 'जडीबुटी'च्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोन दिवसांत चमत्कार झाला तर त्या पुडीचा आधी संशय घ्यावा.

दुसरी अडचण अनुभवाच्या स्वभावातच आहे. हे दुखणे चढते-उतरते. माणूस उपाय शोधतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा आपोआपही थोडे उतरते. श्रेय उपायाला जाते. म्हणून तर तुलनेच्या चाचण्या लागतात. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १,५८३ रुग्ण होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकूण रुग्णांचा विचार करता ही द्रव्ये खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ह्यूस्टनमधील ब्रूस मोझली यांच्या २००२ सालच्या चाचणीत तर १८० रुग्णांपैकी काहींना दुर्बिणीने गुडघा आतून साफ करून दिला आणि काहींना फक्त त्वचेवर छेद दिले. पुढची दोन वर्षे दोन्हींचा आराम सारखाच होता. म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्याची ग्वाहीसुद्धा पुरावा म्हणून अपुरी पडते.

गुडघेबदलाविषयी गटात दोनच प्रकारच्या गोष्टी येतात : 'नवा जन्म मिळाला' किंवा 'पैसे पाण्यात गेले'. एकत्रित आकडेवारी यांच्या मधली आहे. बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात, असा अंदाज २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचबरोबर सुमारे पाचांतील एकाला शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ वेदना राहते. खर्चाचा प्रश्न भारतात थोडा सुकर झाला आहे, कारण केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तरी निर्णय ज्याचा त्यानेच, आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो. समदुःखीने सांगावे ते एवढेच की शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे कसे गेले, कमोडची उंची किती लागली आणि रात्री कोण जवळ होते. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

या अनुभवातून आमच्या गटाने तीन नियम केले आहेत. औषधाचे नाव आणि मात्रा लिहायची नाही. कोणाचा एक्स-रे वाचून निकाल द्यायचा नाही. गुडघा एकाएकी सुजून लाल झाला, ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर चर्चा थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाकी सारे चालते : रडगाणे, विनोद, जिन्याच्या कठड्याचे माप, वारीला बसने जावे की नाही यावरचा वाद.

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या आजोबांनी विचारले, 'झीज' म्हणायचे नाही तर मराठीत म्हणायचे तरी काय? बरेच शब्द सुचवले गेले, एकही टिकला नाही. शेवटी एसटीच्या वाहकांनी लिहिले, 'नाव राहू द्या हो. गाडी डेपोत उभी राहिली की जास्त गंजते, एवढे लक्षात ठेवा म्हणजे झाले.'