गेलेला करंट परत आला का?

गीझरचं बटण दाबलं की त्याच्या तारेतून जवळजवळ 9 अँपिअर करंट वाहू लागतो. त्या वेळी तांब्याच्या आत इलेक्ट्रॉन सुसाट धावत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, त्यामुळे हे इलेक्ट्रॉन सेकंदात 100 वेळा दिशा बदलतात. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेत ते जागच्या जागी मागेपुढे होतात, आणि तेही मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा थरथरीवर बादलीभर पाणी कढत होतं! धावते ती ऊर्जा, आणि तिचा वेग प्रकाशाच्या पंक्तीत बसणारा.

या थरथरीचा एक नियम आहे. फेजच्या तारेतून जितका करंट उपकरणाकडे जातो, तितकाच न्यूट्रलच्या तारेतून परत येतो. कणभरही कमी नाही. एखाद्या क्षणी परत येणारा करंट कमी भरला, तर त्याचा अर्थ एकच: तो दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं जमिनीत उतरतो आहे. ओल्या भिंतीतून, गीझरच्या टाकीतून किंवा माणसाच्या अंगातून.

ही तूट ओळखणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी. बरेच कारागीर त्याला आजही ईएलसीबी म्हणतात. त्याच्या पोटात एक चुंबकीय कडं असतं आणि फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. दोन्हींतला करंट सारखा असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुरती खोडून काढतात आणि कड्याला काहीच जाणवत नाही. तूट पडली की थोडं क्षेत्र शिल्लक राहतं. कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या बारीक तारेत त्यामुळे वीज निर्माण होते, ती खटका सोडवते आणि घराचा पुरवठा तुटतो. एखाद्या हिशेबनिसानं प्रत्येक क्षणाचा जमाखर्च ताडून पाहावा, तसं हे कडं वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत असतं: गेलेला सगळा परत आला का?

घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब साधारण 260 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ही तूट त्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. इतकी बारीक मर्यादा ठेवावी लागते, कारण आपलं शरीरच तितकं नाजूक आहे. एका मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. आणखी वाढला तर श्वास अडतो आणि हृदयाचा ठोका विस्कटू शकतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हात सुटण्याची ही मर्यादा मोजली, आणि पुढे 1961 मध्ये याच तत्त्वावर करंट तोडणारं उपकरण तयार केलं.

एमसीबीचं काम वेगळं. तारेला झेपत नाही इतका भार आला की त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते; शॉर्टसर्किट झालं की त्यातलं विद्युतचुंबक क्षणात खटका ओढतं. तो तारेला आणि घराला आगीपासून वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारे 30 मिलिअँपिअर 16 अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतात. म्हणून घराला दोन्ही हवेत.

आणि तिसरं हवं अर्थिंग. गीझरचं एलिमेंट आतून फुटलं की करंट टाकीवर उतरतो. अर्थिंग नसेल तर तो तिथेच दबा धरून राहतो आणि कुणाचा तरी ओला हात लागल्यावरच आरसीसीबी पडतो. अर्थिंग चांगलं असेल तर गळती सुरू झाल्याक्षणी करंट हिरव्या तारेनं जमिनीकडे निघतो, तूट पडते आणि कुणी हात लावण्याआधीच वीज जाते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते ती याचसाठी. प्लग लावताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा.

आता जुन्या घराचं वायरिंग बदलायला काढलं, तर हा सगळा चमत्कार एका माणसाच्या हातात असतो. काही ठिकाणी अर्थिंगची तार ओढायचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटची अर्थ पिन तिथल्या तिथे न्यूट्रलला जोडून देतात. वरवर सगळं ठीक चालतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. काही वेळा एका आरसीसीबीच्या फेजची परतीची तार दुसऱ्याच्या न्यूट्रलला जोडली जाते, कड्याला तूट दिसते आणि तो सारखा पडतो. तेव्हा जोडणी शोधून सुधारण्याऐवजी आरसीसीबीच बायपास करतात. घरातला सगळ्यांत जागा पहारेकरी असा कायमचा बाद होतो.

म्हणून माणूस पारखून घ्या. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं. पण वायरिंगचं काम सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सुरक्षा नियम आहे. परवाना दाखवायला सांगण्यात संकोच नको. दिव्यांना दीड, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसीला चार स्क्वेअर मिलिमीटर अशी तार अंदाजपत्रकात लिहून घ्या. प्रत्येक सॉकेटपर्यंत वेगळी हिरवी तार येणार का, हे विचारा. तारा पाइपात ओढून झाल्यावर, उपकरणं जोडण्याआधी, मेगर लावायला सांगा. हे यंत्र 500 व्होल्ट दाबानं तारेच्या आवरणाची परीक्षा घेतं आणि कुठे सोलवटलेलं असेल तर तिथेच उघडं पाडतं. अर्थिंगचा रोधही मोजून आकडा कागदावर घ्या. जो कारागीर हे प्रश्न ऐकून उत्साहानं समजावू लागतो, तो तुमचा माणूस. त्यानं चार पैसे जास्त सांगितले तरी घासाघीस करू नका.

आणि एक काम आजच करा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की थोडा करंट कड्याला वळसा घालून जातो, खोटी तूट तयार होते आणि खटका पडायला हवा. पडला तर पुन्हा वर करा आणि दर महिन्याला ही तपासणी करत राहा. नाही पडला, किंवा पॅनेलमध्ये असं बटणच सापडलं नाही, तर नव्या पंख्याचा किंवा रंगकामाचा बेत पुढे ढकला आणि आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.