परसातली चिंच आणि क्रेन

पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं गेली. परसातली आजोबांच्या हातची चिंच तेव्हाच शहरी झाड झाली! ती घरावर कलली, तरी 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार आधी परवानगी हवी. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांपुढचं झाड हेरिटेज वृक्ष ठरलं. तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची.

मग येते क्रेन. बोळ अरुंद, म्हणून ती रस्त्यावर, झाड घरामागं. क्रेनचा हात जितका लांब, तितकी उचल कमी, हे मालकाला कोण सांगणार? ओल्या लाकडाचा घनमीटर जवळजवळ टनभर भरतो. म्हणून फांदी आधी पट्ट्यानं बांधायची, मगच करवत, अन् तीही शेंड्याकडून. विजेच्या तारा बंद करून घ्याव्यात. फांदी सुटताना खाली कुणी थांबायचं नाही, मालक असला तरी.